कुंपणाच्या रेषेवरची जागा

मी, पर्पेच्युआ नासिमियू माकोखा, वय एकसष्ट, राहणार किमिलिली, केनिया, निवृत्त व्हॉलीबॉल खेळाडू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास धाकटा भाऊ वंजाला याला विचारावे. गुडघे मात्र शाबूत नाहीत. ते देशाला दिले.

१. माझे तीन खोल्यांचे घर संघातली माझी जोडीदार नफुला हिला मिळावे. अकरा वर्षे तिने चेंडू उचलून दिला, मी मारला आणि टाळ्या मीच घेतल्या. एकदा विचारले, "तुला वाईट नाही वाटत गं?" म्हणाली, "वेडे, मी चेंडू दिला नसता तर तू हवेत उडून माशा मारत बसली असतीस!"

२. आफ्रिका स्पर्धेची सुवर्णपदके तीन. तिन्ही मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या शाळेला. मुलींनी उड्या मारणे अशोभनीय, असे तिथले मत होते. सिस्टर इमेल्डांनी मात्र झगा खोचून प्रार्थनागृहामागे मला सर्व्हिस शिकवली. म्हणायच्या, "पर्पेच्युआ, जीभ आवर. हात आवरू नकोस." पदके कपाटात ठेवू नयेत. मुलींना हाताळू द्यावीत, चावली तरी चालेल.

३. एकोणतिसाव्या वर्षी ज्या निवड अधिकाऱ्याने मला "आजीबाई, आता घरी बसा" असे सांगितले, त्याला माझे शेवटचे बूट द्यावेत. त्यानंतर मी सहा वर्षे खेळले आणि तिन्ही पदके त्याच सहा वर्षांतली आहेत. बूट धुऊ नयेत.

४. वंजाला राहतो त्या बाबांच्या घराच्या अंगणाला लागून, कुंपणापलीकडे असलेले मैदान मी स्वतः विकत घेतले आहे. ते गावातल्या मुलींचे. देखरेख नफुलाची. तिथे कोणी काही पेरू नये. हे लिहावे लागते, कारण पहिले सुवर्ण घेऊन मी घरी आले तेव्हा मैदानात गुडघाभर मका उभा होता. वंजाला म्हणाला, "ताई, जमीन रिकामी पडली होती गं!" मी पदक गळ्यात ठेवूनच नेट बांधली. संध्याकाळपर्यंत बावीस मुलींनी उड्या मारून मका झोपवला. अंगणाच्या कुंपणाला टेकून उभे असलेले बाबा डोळे पुसेपर्यंत हसले. ते रोज तिथेच उभे राहून माझ्या सर्व्हिस मोजत. त्यांची कबर कुंपणाच्या आत, तिथून चार पावलांवर आहे.

५. माझी कबर. गेल्या रविवारी चहा पिताना वंजाला म्हणाला, "ताई, रागावू नकोस. बिनलग्नाच्या मुलीला कुंपणाच्या आत पुरत नाहीत. कुळातले म्हातारे ऐकणार नाहीत."
"आणि तू?"
त्याने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मला बाबांजवळच जागा हवी आहे. पण रीत मोडली असे कोणी म्हणायला नको. म्हणून कुंपणाचे तेवढे खांब काढावेत आणि कबर बरोबर रेषेवर खणावी. म्हातारे वाद घालू लागले तर नफुलाने त्यांना खेळाचा नियम सांगावा. रेषेला लागलेला चेंडू आत असतो.

६. मला पुराल त्या दिवशी कोंबडी शिजवावी. तिचा पुरुषांसाठी राखून ठेवलेला मानाचा तुकडा नफुलाच्या ताटात वाढावा. रडण्याआधी एक सामना खेळावा.

७. वंजालाला काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते, त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे.

किमिलिली, १७ ऑगस्ट २०२३
सही: पर्पेच्युआ नासिमियू माकोखा

साक्षीदार:
१. मॅग्दलीन खायेम्बा, शाळेची क्रीडाशिक्षिका
२. वंजाला माकोखा. दोनदा वाचून सही केली. मक्याची गोष्ट लिहायची गरज नव्हती. खांब मी स्वतः काढीन.