मधल्या वाटेवर दोघी

मॅसॅच्युसेट्स, ८ मे १७८३

प्रिय हेटी,

"दोष कधी एकाच्याच ताटात वाढलेला नसतो," असं बाबा म्हणायचे. आठवतं? दुधाचा घडा फुटला होता आणि आपण दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होतो. मग दोघींनाही उपाशी झोपवलं त्यांनी. सकाळपासून ते वाक्य डोक्यात घोळतंय.

तू बरी आहेस ना? तिकडे इंग्लंडच्या राजाच्या मुलखातली, हॅलिफॅक्सची थंडी तुझ्या गुडघ्यांना मानवत नसेल. इथे सफरचंदांना मोहोर आलाय, तांबडी गाय व्यायली. आणि हेटी, आम्ही जिंकलो! जिंकलो गं! तहाची बातमी आली तेव्हा पोरांनी घंटा अशी बडवली की दोर तुटला. अख्खा बैल भाजला. मी चौकात नाचले. या वयात, विधवेच्या काळ्या कपड्यांत. तुला राग येईल, तरी लपवणार नाही. आम्हाला न विचारता कर लादणाऱ्या राजाची फौज आमच्या माणसांनी परत पाठवली, आणि त्यांच्या अंगावरच्या सदऱ्यांचं सूत मी कातलेलं होतं.

नाचताना एलिझर आठवला. तुझा गाइल्सही. माझ्या टेबलावर काय भांडायचे दोघे! माझा नवरा म्हणायचा, "हे सगळं लंडनच्या पार्लमेंटनं ओढवून आणलं." तुझा, जकातीच्या कचेरीतला कारकून, म्हणायचा, "बॉस्टनच्या चोरट्या व्यापाऱ्यांनी ओढवून आणलं, आणि त्यांच्यासाठी गळा काढणाऱ्या पाळकांनी. केझाया, मटण वाढ." एक आमच्या झेंड्याखाली मेला, एक राजाच्या. वाढणाऱ्या तेवढ्या उरलो.

म्हणून मी प्रार्थनाघराचे कारभारी, डीकन ओबेड, यांच्या दारात जाऊन उभी राहिले. राजाच्या बाजूनं गेलेल्यांना परत घ्यायचं की नाही, यात गाव त्यांचंच ऐकतं.

"तुझी बहीण?" ते म्हणाले. "त्या करापायी सगळ्या गावानं विलायती चहा सोडला, आणि ही बया खिडकीत बसून पीत होती!"

"आणि तुम्ही तळघरात बसून."

"कोण म्हणतं?"

"त्या चहाला साखर माझ्याकडून यायची, डीकनसाहेब."

आतून त्यांची बायको फिस्सकन हसली.

"केझाया, जीभ आवर!"

"आवरते. तुम्ही हो म्हणा."

ते हो म्हणाले! गावाच्या सभेत हात वर झाले. बायकांना आत जागा नाही, म्हणून मी खिडकीखाली उभं राहून ऐकलं. तुला घरी यायला परवानगी आहे, हेटी. मी आणलीय ती.

त्या परवानगीला एका अटीचं शेपूट आहे. इतका वेळ लिहायचं टाळत होते.

रविवारी प्रार्थनाघरात, सगळ्यांच्या समोर, बाकांच्या मधल्या वाटेवर तू उभं राहायचंस. पाळक वाचतील ते ऐकून हो म्हणायचंस. ते वाचणार, की सारा दोष राजाचा आणि त्याला धरून राहिलेल्यांचा. म्हणजे गाइल्सचा.

तुझा चेहरा मला इथून दिसतोय. ओठ मिटलेले, हनुवटी वर. एलिझरबद्दल असं कुणी वाचलं असतं, तर मीही हो म्हटलं नसतं.

पण ऐक. तू उभी राहिलीस की मीही बाकावरून उठणार, तुझ्या शेजारी येणार. एरवी आपल्याला तिथे बोलायची मुभा नाही. पण दोष कबूल करायला बाई उभी राहिली, तर तिचं तोंड कोण धरणार? मी म्हणेन, कर लादला तो पार्लमेंटनं, आणि हेटीच्या घराच्या काचा फोडल्या त्या या गावानं. दोन्ही खरं. डीकन लालबुंद होतील. होऊ देत! हरलेल्यानं असं बोललं की ती रड वाटते. आम्ही जिंकलोय, आम्ही हे मोठ्यानं म्हणू शकतो. नाहीतर जिंकून मिळवलं काय?

बाकावर तुझी जागा अजून तुझीच आहे. कितीजणींनी मागितली, मी तिथे माझी शाल पसरून ठेवते.

तू नाही म्हणशील. गाइल्ससाठी म्हणशील, आणि मला तुझा रागही येणार नाही. तरी मागते: ये, त्या वाटेवर उभी राहा, आणि त्यांच्या वाचनाला एकदा हो म्हण. पुढचं माझ्यावर सोड.

तुझी, जिंकलेली आणि अर्ध्या बाकावर बसलेली,
केझाया