शवपेटीवरची रिकामी जागा

मी अमेनवा, नेबरेचा मुलगा, राजांच्या थडग्यांच्या भिंती रंगवणारा, पश्चिम तीरावरच्या कारागिरांच्या गावाचा रहिवासी, असे लिहून ठेवतो की माझी नजर अधू झाली असली तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आहे आणि लेखनिक नखतमिन लिहितो आहे.

राहते घर, गच्ची आणि पाण्याचे दोन रांजण माझी मुलगी हेनुतमी हिला द्यावेत. तिच्या आईचा आरसाही तिलाच. ती शेजारी बसून म्हणते आहे, "बाबा, दादाला काहीच नाही? लोक काय म्हणतील?" लिहा हो नखतमिन, तिचे ऐकू नका.

थोरला मुलगा पेंतू याला घरातले काही देऊ नये. कारण सांगतो.

माझी शवपेटी मी बारा वर्षे सुट्टीच्या दिवशी रंगवत होतो. डाव्या अंगाच्या कोल्हेमुखी अनुबिस देवाचा एक कान वाकडा आहे. माझी बायको वेरेल ही भाकरी घेऊन आली, तिचा धक्का लागला आणि रेघ सरकली. आम्ही पोट धरून हसलो. ती गेल्यावर मी तो कान मुद्दाम तसाच ठेवला. नावाची जागाही रिकामी सोडली. जिवंतपणी आपले नाव कशाला लिहायचे, मेल्यावर पोटचा पोर लिहील, असे आम्ही सगळेच करतो. पेंतूला लिहायला मीच शिकवले होते.

गेल्या महिन्यात त्याचा सासरा उसेरहात, देवळाच्या कोठाराचा कारकून, वारला. मी अंत्ययात्रेत उभा होतो. त्याची पेटी अगदी जवळून गेली आणि तो वाकडा कान दिसला; पेटी माझी होती, आमच्या थडग्यातून मला न सांगता नेलेली. माझ्या रिकाम्या जागेत उसेरहातचे नाव होते, पेंतूच्या वळणदार अक्षरात.

मी सगळ्यांदेखत विचारले, "हे काय केलंस रे?"

तोंड वर करून म्हणाला, "बाबा, त्यावर तुमचं नाव कुठं होतं? आणि तुम्ही तर धडधाकट आहात. दुसरी करा की!"

याच डोळ्यांनी? याच हातांनी? केसाने गळा कापला माझा. राजाला मेल्यावर पलीकडे सगळे ओळखतात, तो देवाचाच मुलगा. आपल्यासारख्याला दारोदार नाव सांगावे लागते, आणि माझ्या पेटीत बसून आता उसेरहात पुढे गेला.

म्हणून, पलीकडे खाता-बोलता यावे यासाठी माझ्या प्रेताच्या तोंडाला सुताराचा वासला लावून ते उघडण्याचा मान, जो थोरल्या मुलाचा असतो, तो हेनुतमीला द्यावा. भटजी कुरकुरले तर त्यांना हा कागद दाखवावा. तिने माझ्यासाठी साध्या फळ्यांची पेटी करवून घेतली आहे. त्यावर मी आधीच नाव लिहिले. ओळ वाकडी गेली, पण नाव माझे आहे.

आता जे लपवले ते सांगतो. त्या अंत्ययात्रेनंतर मी डोंगरावरच्या आमच्या थडग्यात गेलो. तिथे भिंतीवरच्या चित्रात पाच वर्षांचा पेंतू माझ्यासाठी पाणी ओततो आहे. त्याच्या डोक्यावरचे नाव मी छिन्नीने खरवडून काढले. चित्र खरवडायला हात धजला नाही. ज्याचे नाव नाही तो पलीकडे नाहीच. म्हणजे पोराने माझ्याशी जे केले तेच मी त्याच्याशी केले. उद्या मेल्यावर, मृतांचा न्याय करणाऱ्या ओसिरिसपुढे माझे हृदय तराजूत ठेवतील. 'मी कोणाला रडवले नाही' असे मी म्हणेन आणि ते हृदय माझ्याच विरुद्ध साक्ष देईल. त्याचाही भरवसा उरला नाही.

तेव्हा एक बदल लिहा. माझा बारीक कुंचला आणि काळ्या शाईची वडी पेंतूला द्यावी. आता आईसाठी जाते तशीच दर दहाव्या दिवशी हेनुतमी थडग्यात पाणी ओतायला येईल, तेव्हा तोही आला तर त्याला अडवू नये. भिंतीवरची जागा रिकामी आहे. त्याचे नाव त्याने स्वतःच लिहावे. मला आता दिसत नाही.

साक्षीदार: दगड फोडणारा हायू, नेफरहोरचा मुलगा. धोबी पेसिउर.
लिहिणार: नखतमिन.
खूण: अमेनवा, स्वहस्ते.
ठिकाण: कारागिरांचे गाव, पश्चिम तीर.
राजा चिरंजीव असो, त्याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष, पुराच्या ऋतूचा तिसरा महिना, दिवस नववा. उद्या दहावा.