जित्या माणसासाठी रजा

॥ श्री ॥

तुरुंग, बराक चार
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. सौ. नूतनताईस अमृतचा सा. न. वि. वि.

हितला शिपाई म्हणाला, घरी पत्र लिही, मन हलकं व्हतं. माझं काय व्हत न्हाई. डोळं मिटलं की मानसिंगचा जबडा मोडल्याचा आवाज येतो आन खरं सांगतो, बरं वाटतं.

शेजारच्या रतनबाईनं तुला अर्धंच सांगितलं असंल. त्या दुपारी आबांनी खिडकीचा गज उपटला आन खोलीतनं भाईर पडले. नसरापुरातच पल्याडच्या आळीत कुणाच्या तरी घरात शिरले आन पाळण्यातलं पोर उचलून घेतलं. आपलंच वाटलं असंल. लोकांना वाटलं, पोरं पळवणारा म्हातारा. धोंडं, चपला, पट्टं, हाताला येईल त्यानं हाणलं. डोकं फुटून रगात डोळ्यांत उतरलं तरी पोर सोडीनात, म्हणून हात पिरगाळला.

रतनबाईनं त्यांना दवाखान्यात नेलं आन मला बारा वेळा फोन लावला. पण कापूरहोळला आमच्या कंपनीत मोबाईल गेटवरच्या पेटीत टाकावा लागतो, पाळी सुटल्यावर मिळतो. मग तिनं ऑफिसात लावला. सुपरवायझर मानसिंगनं उचलला, ह्याचा आज कोण गेला म्हणाला, आन ठेवून दिला.

तसं का म्हणाला ते सांगायची लाज वाटती. कंपनीत घरचं माणूस मेलं तर दोन दिवस रजा मिळती, जित्या माणसासाठी न्हाई. आन बाप भ्रमिष्ट झालाय, अंथरुणात मुततो, हे चारचौघांत कसं सांगायचं? म्हणून वर्षात म्या दोन आत्या मारल्या, एक मामा मारला, आन तुझ्या सासूबाईंना तर दोनदा.

पाळी सुटली, मोबाईल घेतला, रतनबाईचं ऐकलं. तसाच मागं फिरलो, लोखंडी पाना उचलला आन मानसिंगच्या तोंडावर दोन ठेवून दिले. तिसऱ्याला लोकांनी धरलं.

आबा तुझ्याकडं जेवत्यात का कळव. ते चावत्यात, बोटं सांभाळ. माझ्यावरचा लोभ अजून आटला नसंल तर दोन ओळी धाड.

तुझा,
अमृत

॥ श्री ॥

वेल्हे
दि. २० डिसेंबर २०२४

चि. अमृत यास नूतनचे अनेक आशीर्वाद.

बोटं सांभाळ म्हणतोस, पण उशीर झाला. मंगळवारी आबांनी काठीनं माझी करंगळी मोडली. आणि मेल्या, तू दोनदा मारलेली माझी सासूबाई ठणठणीत आहे. तीच आबांचे हात धरते, मग मी भरवते. डोक्याचे टाके सुकलेत.

आता माझं ऐकून घे. आबा दवाखान्यात रक्तात पडले होते, आणि त्यांचा पोरगा आधी दुसऱ्याचं तोंड फोडायला गेला. गाढवा, त्या वेळी त्यांच्याजवळ मी नव्हते, तू नव्हतास, एकटी रतनबाई होती.

मी मानसिंगला बघायला गेले. शिव्या द्यायलाच गेले होते. जबडा तारांनी बांधलाय, नळीनं पेज पितो. त्यानं कागदावर लिहून दाखवलं, की परत खोटं सांगतोय असं वाटलं, घरी म्हातारा आहे हे अमृत कधी बोललाच नाही.

तुमच्या कंपनीच्या मालकीणबाई शैलजाताई तिथंच होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, काही म्हणता काही झाकलं नाही. त्या म्हणाल्या, खरं सांगितलं असतं तरी आमच्याकडं द्यायला रजाच नव्हती, ती चूक आमची. चार दिवसांत नोटीस लागली. घरी आईबाप सांभाळायचे असतील त्याला वर्षाला दहा रजा, हव्या तर अर्ध्या अर्ध्या. पाळी बदलून मिळणार. गेटवर एक बाई बसणार, पेटीतला फोन वाजला की उचलून आत निरोप देणार. पहिल्या आठवड्यात सात जणांनी नावं दिली. बघ, सात घरांत म्हातारं माणूस होतं आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

तुझ्या जामिनाला मानसिंग आडवा येणार नाही म्हणतो. सुटलास की सकाळची पाळी देते, असं बाईंनी लिहून दिलंय. म्हणजे आबांना घेऊन नसरापूरला परत राहता येईल तुला.

पण आबांना तुझ्या हवाली करायच्या आधी मला एक उत्तर पाहिजे. हितं आणल्या दिवशी त्यांना आंघोळ घातली. लोकांनी मारलेल्या ताज्या वळांच्या खाली जुने वळ होते. पट्ट्याचे. दोन्ही मनगटांना दोरीचे घट्टे. मी अंगावर पाणी घालायला तांब्या उचलला की ते डोकं झाकतात आणि म्हणतात, अमृत, नको रं.

खोटं लिहू नको. माझ्या मायेची शपथ घालते.

तुझी ताई,
नूतन

॥ श्री ॥

तुरुंग
दि. ३० डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

व्हय. म्याच.

पयल्यांदा दिवाळीच्या आधी. डबल पाळी करून आलो तर त्यांनी भिंतीला घाण फासलेली. मला चोर म्हणून तोंडावर थुंकले. म्या पट्टा काढला. मग रडलो, पाय धरले, वळांना हळद लावली. चार दिसांनी परत मारलं. त्यानंतर रडू आलं न्हाई. त्यांना बांधून कामाला जायचो. त्या दिवशी हात काळेनिळे दिसले म्हणून दोरी ढिली बांधली, आन ते सुटले.

मानसिंगला हाणताना वाटत व्हतं, आबांचा वैरी घावला. लई बरं वाटलं. आता तो जबड्याचा आवाज आला की उठून बसतो.

शैलजाबाईंना हेबी सांग. त्या सात जणांच्यातबी कोण माझ्यासारखा असंल, त्याला दोन रजा जास्ती द्या म्हणावं.

सुटलो तर सकाळची पाळी घीन. पण आबांना माझ्या ताब्यात देऊ नको, म्या पाया पडून मागितलं तरी. दुपारच्या यष्टीनं वेल्ह्याला येईन, त्यांना आंघोळ घालीन, भरवीन. तुझी माया शिल्लक असंल तर एवढंच कर. म्या त्यांच्याजवळ असंन तवर दार उघडं ठेव, आन तू उंबऱ्यात उभी रहा.

अमृत