तीस म्हणजे तीस

रविवार, २ नोव्हेंबर

साडेतीस म्हणे! साडेतीस!!

परवेजचं डोकं फिरलंय. माझ्या टेपवर मिरची ह्या माझ्या एल्फ पुतळ्याच्या पायापासून त्याच्या ऑर्क सरदाराच्या पायापर्यंत बरोब्बर तीस इंच भरले. एल्फच्या धनुष्याचा पल्लाच तीस. फासा सहा पडला, सरदार आडवा, सलग चौथा सामना माझा. तर हा हार्डवेअरवाल्याचा पोरगा खिशातून स्टीलची टेप काढतो अन् म्हणतो, "अबे देवा, हे साडेतीस आहे. तुही टेप खोटी आहे."

टेप खोटी म्हणजे मी खोटा! दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये सरांनी हाच शब्द वापरला होता — आकडे खोटे आहेत, घरी बसून लिहिलेत. जर्नल टेबलावर आपटून निघालो तो आजतागायत कॉलेजात पाऊल नाही. आज फासे आपटले. एक खिडकीतून थेट राजापेठच्या रस्त्यावर. संघपाल खाली जाऊन शोधून आला. "एक पडला होता बे. तुह्या रागालेबी सहा पडत नाई."

सगळे हसले. मी सोडून.

सोमवार, ३ नोव्हेंबर

अजून डोकं शांत नाही. नियम आमचाच आहे — ज्याची टोळी त्याची टेप. शेखरसरांच्या क्लासच्या वरच्या खोलीत, थर्माकोलच्या पडक्या शहरात, वर्षभर ह्याच नियमाने खेळलो. मी जिंकायला लागलो तेव्हाच टेप दिसली काय रे?

परवेजचे ऑर्क सोळा. एक मेला तर पुढच्या रविवारी दोन नवे उभे. माझे एल्फ पाच! बोटाएवढे पाच पुतळे, अन् सामन्यानंतर फासा वाईट पडला तर आडवा झालेला कायमचा मेला. मी दुरून मारणार नाही तर काय मिठी मारायला जाऊ ऑर्कला?

अन् टेप कोणाची? हर्षाची. बारावीला माझ्या पुढच्या बाकावर बसायची, आता नांदगाव पेठेत कपड्याच्या युनिटमध्ये तपासणीला आहे. बाही पाव इंच कमी असली तर शर्ट परत पाठवते. ऑगस्टमध्ये बसस्टॉपवर पर्समधून काढून दिली — "घे, तुह्या बाहुल्या मोजाले." बाहुल्या! दुसरं कोणी म्हटलं असतं तर भांडलो असतो. ती हसत होती म्हणून आजपर्यंत दुरुस्त केलं नाही. टेप उशीखाली असते. (लिहिताना लाज वाटली. वाटू दे.)

२३ तारखेला अकोल्यात आमच्या स्पर्धेची फायनल, पहिल्या दोघांची. तिची मावशी अकोल्यालाच. "पाहू. जमलं तं येईन." हर्षाचं पाहू म्हणजे हो. बहुतेक.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मंडीत आमच्या फुलांच्या दुकानावर एका गिऱ्हाइकाला निशिगंधाऐवजी शेवंती बांधून दिली. बाबा म्हणाले, "ध्यान कोठी आहे तुहं?" ध्यान तीस इंचावर आहे!

रविवार, ९ नोव्हेंबर

परवेजचं तोंड कायमचं बंद करायला दोन्ही टेपा शेजारी ताणल्या. टोकाला टोक लावलं. तिकडे माझ्या तिसापाशी त्याचे साडेतीस.

ताणली गेलेली कापडी टेप तीसच दाखवते अन् जागा जास्त खाते. म्हणजे —

मी कोणी बघायच्या आत गुंडाळली. पण संघपालने पाहिली. तो त्याच युनिटमध्ये लोडिंगला आहे. टेपच्या टोकावर बोट ठेवून हळूच म्हणाला, "हा लाल ठिपका पाह्यला काय? आमच्या इकडं दर महिन्याले टेपा तपासतेत. लाल म्हणजे फेल. कचऱ्यात जाते ते."

ठिपका मी रोज पाहायचो. मला वाटायचं, शोभेचा आहे!

फोन लावला. "फेकाची टेप देल्ली मले?" असं ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हर्षा म्हणाली, "कोणं सांगतलं तुले?" म्हटलं, लाल ठिपक्यानं सांगितलं. फोन ठेवला तिने.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संघपाल म्हणतो, "मी कोणाले बोलत नाई. अकोला खेळून घे, मंग सांग."

अकोला खेळून घेतो. चार सामने जिंकलेला मी हर्षाला दिसतो. अर्धा इंच कोणाला दिसतो?

मला दिसतो. साला मलाच दिसतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोन्ही टेपांचं सगळं लिहून चार मेसेज पाठवले. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगून टाकलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. टेप फेल आहे, चारही विजय काढा, परवेज बरोबर होता.

वाटलं होतं परवेज नाचेल. मग मला भांडता तरी आलं असतं. तो म्हणाला, "बस यार. चाय पी." ह्याच्यापेक्षा नाचला असता तर बरं!

फायनलला आता परवेज अन् संघपाल. मला काम दिलं — थर्माकोलची खोकी उचलायची.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जाऊ की नको? खोकी परवेजही उचलू शकतो. हर्षा येणार नाही. आली तर मी खोकी धरून उभा! दोन्ही वाईट.

जातो. पाच एल्फ अन् टेपही घेतो. उगाच.

रविवार, २३ नोव्हेंबर, परतीच्या एसटीत

आली! मावशीसोबत, तणतणत. माझ्याकडे न बघता सगळ्यांना म्हणाली, "दोन्ही टेपा आणा इकडं." पर्समधून स्टीलची फूटपट्टी काढली, टेबलावर ठेवली. मी वाकून टेपांच्या तीस इंचापाशी पाहायला लागलो.

"शेवटी काय पाहून राहिला? सुरुवात पाह्य नं."

परवेजच्या टेपला पहिला अर्धा इंचच नाही! टोक तुटलं म्हणून त्याच्या अब्बांनी कापून पुढचा हूक पुन्हा ठोकलेला. त्याचे सोळा ऑर्क वर्षभर दर चालीला अर्धा इंच कमी चालले — अन् त्याला पत्ता नाही! संघपाल हसून खुर्चीवरून पडला.

माझी टेप पट्टीला लावली, पट्टी सरकवत शेवटपर्यंत. तीस म्हणजे तीस.

"मंग लाल ठिपका?"

मावशी तिकडे फासे पाहत होती. हर्षा टेप गुंडाळत राहिली, गरज नव्हती तरी. "चांगली टेप युनिटच्या बाहीर कोण नेऊ देते? मीच लावला."