एकतीस मेचा स्लॅब

२ मे
साइटचा इंजिनियर अमरदीप गेला! बँकेत लागला म्हणे. साइटची चावी हापिसात टेबलावर टाकून गेला. कंत्राटदार सुधाकरराव काकानं ती उचलली, माह्याकडं पाह्यलं अन् माह्यासमोर ठेवली. "प्रगती, आता तूच इंजिनियर."

मी! डिप्लोमा होऊन वर्ष झालं, आतापर्यंत नुसते बिलं टाइप करून राह्यली होती. तेलंगणातल्या तलमडुगूकडच्या एका शाळेच्या दोन खोल्या बांधाच्या हाय. एकतीस मेपर्यंत स्लॅब पडला नाही तं कंत्राट रद्द, तशी नोटीसच आली हाय. काका म्हणे, "स्लॅब पडला का तुही नोकरी पक्की. नाही तं तू घरी." घाबरायचं सोडून मी हासूनच राह्यली. बाथरूममधी जाऊन नाचली बी!

३ मे
कंत्राटाचे बेचाळीस पानं वाचले. हापिसात कोणीच वाचले नव्हते! पत्र्याच्या पेटीत सरकारी हापिसाचे अकरा पत्रं निघाले, सारे तेलुगूत, सारे बंद. काकाले तेलुगू वाचता येत नाही अन् कोणाले विचारायची लाज. मी तेलुगू शाळेत शिकली, भराभरा वाचले. सातव्या पत्रात लिवलं होतं— पावसानं काम थांबलं तं पंधरा दिवसांत अर्ज करा, मुदत वाढवून देऊ. पत्र मागच्या ऑगस्टचं! अरे माह्या कर्मा!

६ मे
साइटवर निराळीच भानगड. एक खिडकी तीनदा फोडून तीनदा बसवली. हेडमास्तर केशवराव आले— इकडं घ्या. सरपंच आले— तिकडं घ्या. सरकारी इंजिनियर आले— होती तिथंच ठेवा. अन् आमचे मोतीराम मिस्त्री सगळ्यायले "हो जी!" मी म्हटलं, मिस्त्री, काऊन असं? तं म्हणे, "मॅडम, मोठ्या माणसाले तोंडावर नाही कसं म्हनाव?"

घरी बाबाले सांगितलं. बाबा तहसीलमधी कारकून होते. म्हणे, "जबानी हुकूम कोणाचाच ऐकू नोको. कागद पुढं कर, दस्तखत माग."

७ मे
साइटवर रजिस्टर ठेवलं. ज्याले बदल पाह्यजे त्यानं लिवाव, खर्च कोणाचा ते लिवाव, सही कराव. सरपंचानं पेन घेतला, वाचलं, पेन ठेवला. "तशी ठीकच हाय म्हना खिडकी." हा हा हा! दिवसभरात एक बदल नाही!

१५ मे
लोखंड आलं!! हेल्मेट घालून फोटो काढला. ऊन असं का चप्पल चिकटून राह्यली, पण मजा येऊन राह्यली.

२६ मे
सेंट्रिंग झालं, स्लॅबखालच्या फळ्या ठोकून झाल्या. स्लॅब एकोणतीसले. त्या दिवशी मजुरायले मटणाचं जेवण द्या लागते, नाही तं मिक्सर सुरूच होत नाही. बेचाळीस पानांत हे कलम कुठंच नाही! काकानं बोकड सांगून ठेवला. तीन दिवस आधीच आमी जिंकलो!

२७ मे
सहज टेप लावला, मंग पुन्हा लावला. बाहेर काढलेला बिनाखांबाचा व्हरांडा नकाशात चार फूट हाय. साइटवर आठ! लोखंड बांधलं ते चार फुटाच्याच हिशोबानं, आठ फुटाचं वजन ते पेलणार नाही.

मोतीराम म्हणे, "हेडमास्तर म्हणे, पोरी जेवाले बसतीन, जरा मोठा करा. मी म्हटलं, हो जी." कधी? "संक्रांतीच्या टायमाले." म्हंजे रजिस्टरच्या आधी. पण मी पंचवीस दिवसांपासून इथं हाव, मले टेप लावाले काय झालं होतं? नाचून राह्यली होती मी!

काकाले सांगितलं. "स्लॅब पडला का कोणाले दिसते? मुदत पाह्य." मी म्हटलं, काका, त्याच्याखाली पोरी बसतीन. "तुले नोकरी पाह्यजे का नाही?"

पाह्यजे ना! लय पाह्यजे. रडली मी आज. मंग सरकारी इंजिनियरले तेलुगूत पत्र लिवलं. सही माही.

२९ मे
सरकारी इंजिनियर साहेब आले, सोता टेप धरला. काम बंद. खांब टाकल्याबिगर स्लॅब नाही. बोकड वाचला!

साहेब गेल्यावर मोतीराम हळूच माह्याजवळ आले. काल काकानं त्यायले म्हटलं होतं, साहेब यायच्या आधी स्लॅब टाकून दे. "मंग?" "मंग काय मॅडम, मी रजिस्टर पुढं केलं. म्हटलं सही करा." बाप्पा! मोतीराम मिस्त्रीनं! मी त्यायच्या पायाच पडणार होती, तेच लाजून पळाले.

३१ मे
कंत्राट रद्द. मी बी रद्द. काका फोनवर म्हणे, "उद्यापासून येऊ नोको." वाईट वाटलं, लय वाटलं. तरी तीन भाकरी खाल्ल्या. आई पाह्यतच राह्यली.

१८ जून
त्याच कामाचं टेंडर पुन्हा निघालं. बाबानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. शेवटची अट— काम बेरोजगार इंजिनियरायसाठी राखीव. बाबानं ती ओळ पुन्हा वाचली. महिन्याभरापूर्वी नोकरी होती, तवा मले हे भरताच आलं नसतं! अर्ज आजच भरला. कंत्राटदाराचं नाव— प्रगती.