बोरीचा दस्ता

रज्जब ४

पोचलो एकदाचा हुवैलला. फायलच्या ट्रकमध्ये सुक्या मुशीच्या पोत्यांवर बसून आलो, त्यामुळे माझ्या आधी माझा वास गावात शिरला. फायल आमच्या सूर बंदराचाच. लहानपणी एकाच ओहोटीत आम्ही खेकडे पकडलेत. आता तो किनाऱ्यावरची सुकी मासळी डोंगरात आणतो आणि खजूर घेऊन खाली जातो. वाटभर चिडवत होता, "जहाजं बांधणारा सुतार डोंगरात निघालाय! आता काय, शेळ्यांना शिडं लावणार का रे?" मी म्हटलं, शेळ्यांना नाही, बंदुकांना दस्ते लावणार.

ज्यांच्याकडे कामाला आलो ते मुहन्नाकाका फाटकातच उभे होते. दाढी पांढरीशुभ्र, पण मनगटं लोहाराची. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय खबर?" मीही रीतीप्रमाणे म्हटलं, "खबर नाही, सगळं ठीक." मग खजूर झाले, कॉफी झाली, आणि मग खरी खबर सांगितली. वाटेत दरड पडली होती, सूरला मासळी कमी आहे, बायको पोटुशी आहे. आपल्याकडे घर जळालेलं असलं तरी माणूस आधी 'खबर नाही'च म्हणतो. फायलने एकदा या रीतीपायी अर्धी सुरई कॉफी पिऊन झाल्यावर सांगितलं होतं, की ट्रक बाहेर पेटलाय.

वडील नाखवा होते. जहाजावर रोज वारा, पाणी, पक्षी सगळं लिहून ठेवायचे. ती खोड मला लागली. इथे ना वारा ना पाणी, तर लाकडाबद्दल लिहीन म्हणतो.

झुवैनाला शब्द दिलाय, रमजानचा चंद्र दिसायच्या आत घरी. बाळ रमजानातच येणार. निघताना आई म्हणाली, "माझी डोलकाठी डोंगरात वाकवून आणू नकोस." मी असा ताडमाड आणि काटकुळा, म्हणून लहानपणापासून तिची मी डोलकाठी.

रज्जब ७

लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली काका पेट्यांच्या पेट्या विकत घेतात. सगळ्या एकेका गोळीला खटका मागेपुढे ओढावा लागतो त्या जातीच्या. त्यांना असं दाट ग्रीस फासलेलं असतं की आत लोखंड आहे हे मानूनच चालायचं. मोठ्या हंड्यात पाणी उकळून त्यात नळी आणि खटका बुडवला की ते वितळून वर येतं. मग तारेच्या ब्रशने गंज, मग तेल. हे काम काकांचं. लाकूड माझं.

मला दिलेल्या रायफलीचा दस्ता मुठीपाशी उभा फाटलेला. पुढचं लाकूड कुणीतरी चुलीत घातलं असावं. काकांना तिच्यावर नवा दस्ता हवा, वर चांदीच्या कड्या, लग्नात खांद्यावर मिरवावी अशी. गिऱ्हाईक कोण, विचारलं. म्हणाले, "आहे एकजण. येईल."

नळी मात्र सुरेख निघाली. डोळा लावून आत पाहिलं तर पीळदार आटे अजून लखलखीत. माझ्या म्हाताऱ्या मावशीसारखी, वरून सुरकुत्या आणि आत सगळी तल्लख.

रज्जब १२

बोरीचा ओंडका आला. एवढा लांब, की त्यातून दस्ता काढूनही माणसाएवढं लाकूड उरेल. मी म्हटलं, काका, एका दस्त्यासाठी अख्खं झाड? आणि बोर कशाला, अक्रोड आणा. बोरीच्या पाल्याने आपण मयत धुतो, तिच्यावर गाल टेकवून कुणी नेम धरेल का? काका नुसते हसले.

चहाला काकांच्या बागेतला राखणदार सुवेलम आला होता. काका आत गेल्यावर मी त्याला रंगात येऊन सांगितलं, की तुम्हा डोंगरवाल्यांच्या गोष्टी आमच्याकडे फार रंगवून सांगतात. म्हणे इथला जादूगार जिवंत माणूस पळवतो आणि त्याच्या जागी ओंडका ठेवतो. घरच्यांना तो आपलाच माणूस मेलेला दिसतो. ते रडतात, पुरतात, आणि इकडे तो माणूस जादूगाराच्या बागेत राबत असतो, आईबापसुद्धा विसरून. मी म्हटलं, आम्ही सूरवाले असे नाही, चांगलं लाकूड आम्ही मातीत घालत नाही!

सुवेलम हसला नाही. मी विचारलं, बरं, तुझी काय खबर? म्हणाला, "खबर नाही. सगळं ठीक." मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढचं काही आलंच नाही. पेला ठेवला आणि गेला. खडूस माणूस.

रज्जब १९

आज काकांनी माझं माप घेतलं. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत, मग गालाचं हाड, मग खांदा. दस्ता माणसाच्या मापाचा असावा लागतो हे खरं, पण माप गिऱ्हाइकाचं घ्यायचं ना? म्हणाले, "तो तुझ्याच अंगलोटाचा आहे रे. वेगळं काही नाही."

बरं. पण मग त्यांनी खटक्याची मूठ भट्टीत लाल केली आणि लांब करून अशी वळवली, की डाव्या हाताने वरून सहज ओढता यावी. गाल टेकायचा उंचवटाही उजव्या अंगाला काढायला सांगितला. म्हणजे गिऱ्हाईक डावखुरं.

मी डावखुरा. जेवताना उजव्या हाताने जेवतो, आईने मारून मारून लावलेली सवय. पण रंधा डाव्यानेच चालतो. माझ्याएवढा उंच, माझ्यासारखा हडकुळा आणि वर डावखुरा असा आणखी एक माणूस या डोंगरात आहे म्हणायचं. भेटायला हवा.

रज्जब २६

काहीतरी शिजतंय. लोखंडावर कोरलेला जुना आकडा काकांनी कानशीने घासून टाकला. खटक्यावरचाही. विचारलं तर म्हणाले, "पहिल्या मालकाचं आता काय काम?" आकडा पुसलेली बंदूक कुणाला लागते ते मला कळतं. बागेत संध्याकाळी सुवेलमसारखे आणखी काहीजण दिसतात, प्रत्येकाच्या खांद्यावर चांदीच्या कड्यांची रायफल. एकमेकांशी चकार शब्द नाही. कसलं तरी बंड उभं राहतंय आणि मी त्यांची हत्यारं तासतोय, असं मला वाटायला लागलंय. उद्या सरकारी शिपाई आले तर पहिला मी सापडणार.

उरलेला ओंडका काकांनी चटईत गुंडाळला. सूरला कुणाला तरी हवाय, म्हणाले. फायलच्या ट्रकवर चढवताना एक टोक मी धरलं. टोक घासू नये म्हणून काकांनी माझं डोक्याचं फडकं मागितलं, ते मी बांधलं. फायलजवळ झुवैनासाठी निरोप दिला, की चंद्राच्या आत येतोय. मी बोलत होतो आणि फायल ट्रकमधल्या चटईकडे काळजीने बघत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यालाही यांनी फितवलं की काय?

शाबान ५

काम संपवायचं आणि सुटायचं. दस्त्यात नळी बसवण्याची खोबण आज कोरून झाली. काजळी लावून नळी ठेवायची, जिथे काळं उमटेल तिथे तासायचं, पुन्हा ठेवायची. शेवटी अशी बसली की केस जाणार नाही. वरून मुशीचं तेल पाजलं. घराचा वास आला, बरं वाटलं.

आणि हात चालता चालता खोबणीच्या तळाशी मी माझी खूण कोरली. आम्ही सूरचे सुतार प्रत्येक जहाजाच्या कण्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आपली खूण कोरतो. आजोबांची होती तीच आता माझी. वडिलांची नाही, कारण ते नाखवा झाले. कोरून झाल्यावर वर पाहिलं तर काका दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे. रागावतील असं वाटलं. उलट पाठ थोपटून म्हणाले, "शाबास. हे सांगता येत नाही कुणाला. ज्याचं त्यानेच करावं लागतं."

मला ते बोलणं आवडलं नाही.

शाबान ९

नळी बसली. कड्या चढल्या. शेवटच्या कडीवर मालकाचं नाव येतं. काकांनी ती कोरीच ठोकली.

ती ठोकताना माझ्या छातीत दचके बसत होते. दमलोय.

सकाळी काकांनी विचारलं, काय खबर. खबर नाही, म्हटलं. मग पुढचं सांगायचं होतं, काहीतरी झुवैनाबद्दल. आठवेना. कॉफी निवून गेली.

शाबान १६

फायल आला. आज सगळं जसंच्या तसं लिहितो.

मी धावत गेलो. त्याने माझ्या हातातून कॉफीचा पेला घेतला, गड्याच्या हातून घ्यावा तसा, आणि काकांकडे वळला. काकांनी विचारलं, काय खबर. खबर नाही, सगळं ठीक. खजूर खाल्ले. मग बोलायला लागला आणि रडायलाच लागला. म्हणाला, काका, आपला मरहून गेला हो. तुम्हीच त्याला माझ्या ट्रकवर घातलंत ना, तापाने फणफणलेला, चटईत गुंडाळून? वाटभर एक शब्द बोलला नाही. आपलंच फडकं डोक्याला बांधलेलं. घरी उतरवला आणि संपला. तिरडी अशी जड, की आम्ही मधेच खांदे बदलले. झुवैना विधवेच्या इद्दतीला बसलीय. म्हातारी आई मात्र कबरीवर हात ठेवून म्हणते, हा माझा नव्हे. वेड लागलं बिचारीला.

मरहून मी आहे. मी तिथेच उभा होतो, हातात सुरई घेऊन. ओरडलो. फायलने डोळे पुसले आणि काकांना म्हणाला, "तुमचा हा गडी लई अबोल आहे हो."

बंड नव्हतंच. मी मूर्ख, आकडे आणि शिपाई बघत बसलो. तो ओंडका मी स्वतः उचलून दिला. माझं फडकं मी स्वतः बांधलं.

शाबान १७

ट्रकमागे धावलो. बागेच्या बांधापर्यंत. पुढे पाय उचलत नाहीत. लंगडी गाढवंसुद्धा त्या बांधावरून जातात.

काका रागावले नाहीत. रायफल हातात दिली. दस्ता खांद्याला असा लागला, जसा — गालसुद्धा. खटका डाव्या हाताने ओढला, लोण्यासारखा सरकला. तुझीच, म्हणाले. वाईट हे की हातातून ठेववत नाही.

शाबान २०

उपाय सुचला. दस्त्यातली खूण खरवडून काढायची, तिनेच मी इथे अडकलोय. मीच कोरली, मीच काढीन.

कड्या उचकटल्या, स्क्रू काढले, नळी उचलली. खोबणीत रेघा आहेत. लाकडाच्या शिरा, पटाशीचे ओरखडे, काजळी. त्यातली माझी खूण कोणती? आजोबांची होती, एवढं आठवतं. तिचा आकार —

तासभर बघत बसलो. कशीही असू शकते. सगळं खरवडावं तर हात पटाशी उचलत नाही.

काकांनी येऊन नळी परत बसवली. हळू, मायेने.

शाबान २३

मागची पानं वाचली. वाचायला अजून येतं. झुवैना नावाची बाई आहे, तिला मूल होणार आहे. तिला शब्द दिलाय. मला तिची भीती वाटते. ती वाट बघतेय आणि मला तिचा चेहरा —

रोज वाचायचं. रोज लिहायचं. मरहून. मरहून. सूर. झुवैना.

शाबान २६

संध्याकाळी बागेत उभा राहतो. सुवेलम शेजारी असतो. त्याच्या दस्त्यालाही बोरीचंच लाकूड आहे. बरं असतं तिथे. वारा नाही.

कोपऱ्यात तेलाची बाटली सापडली. वास घेतला आणि रडू आलं. कशाचं तेल, ते कळलं नाही.

शाबान २९

लोक चंद्र बघायला गच्चीवर गेलेत.

आज मासळीच्या ट्रकमधून एक म्हातारी आली. काकांनी फाटक उघडलं नाही, ती बांधावरूनच आत आली. एकेका राखणदारापुढे उभी राहून तोंड बघायची, पुढे जायची. माझ्यापुढे थांबली. कपड्यांना वास होता, त्या बाटलीचा. माझा डावा हात धरला. त्या हाताला चापट मारली, हळूच, आणि गालाला लावला.

म्हणाली, "डोलकाठी." इथे डोंगरात डोलकाठी कुठली? बहुतेक वेडी असावी.

फार रडत होती. मग डोळे पुसून शहाण्यासारखी समोर बसली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "बाळा, काय खबर?"

मी म्हटलं, "खबर नाही. सगळं ठीक."

ती थांबली. पुढचं ऐकायला. अजून समोर बसलीय, मी लिहितोय ते बघतेय. काहीतरी सांगायचं असतं यानंतर. काका हाक मारतायत. ती माझ्या तोंडाकडे बघतेय, ओठ हलले की पुढे सरकते. सांगायचं आहे, होतं काहीतरी, हिलाच सांगायचं होतं, मी