शाल आणि नारळ, स्वस्त विमानाने

स्टॅनमोर, लंडन

ती. आई,

इथूनच वाकून नमस्कार. तुझी शाल आणि नारळ दोन्ही बोस्टनला सुखरूप पोचले. तुझी नात आता डॉ. उर्वी आहे; गोळ्या देणारी नव्हे, प्रबंध लिहिणारी.

तुझ्या जावयाने स्वस्त विमानाचं तिकीट काढलं. निम्म्या पैशांत अमेरिका, असं आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत होता. मग बॅगेचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे, शेजारीशेजारी बसायचेही वेगळे. तो म्हणाला, "लांब बसू." संसारात सलग सात तास शांतता मी प्रथमच अनुभवली. शेवटी बेरीज नेहमीच्या विमानाएवढीच झाली. शशिधरला हे माहीत आहे, फक्त त्याच्यासमोर बोलू नकोस.

गेटवर हातातली बॅग जड भरली. तिथली बाई म्हणाली, जास्तीचे पैसे भरा, नाहीतर काहीतरी काढा. मी शाल पांघरली, शशिधरने नारळ कोटाच्या खिशात घातला आणि विमानापर्यंत एका अंगाने झुकून चालला.

गुडघा आडवा आला नसता तर ती शाल तूच उर्वीच्या खांद्यावर घातली असतीस. गुडघा बरा आहे ना? फोनवर तू फार पटकन "हो" म्हणतेस.

समारंभात उर्वीने गाउनवरच शाल घेतली. मी म्हटलं, "अगं, चालेल का?"

"आजीने पाठवलीय, आई. हू विल स्टॉप मी?"

कोणीही अडवलं नाही. तिचं नाव पुकारलं तेव्हा शशिधर मांडीवर नारळ घेऊन ढसाढसा रडला. त्या अख्ख्या प्रवासात तेवढीच एक गोष्ट फुकट होती.

तुझी,
सुनीती